घरगुती संगणकावरील संगीतश्रवणातील विलंब : उगम, विकास आणि निवारण
(एक ऐतिहासिक अभ्यास)

सारांश

संगणकाच्या साहाय्याने घरी संगीत ऐकताना ध्वनी उशिरा येणे, मध्येच तुटणे अथवा चित्राच्या मागे राहणे हा आज सार्वत्रिक अनुभव झाला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या विलंबाचा १९५७ पासूनचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. विलंब म्हणजे एखाद्या यंत्रातील एकच दोष नव्हे. वेगवेगळ्या कालखंडांत, वेगवेगळ्या गरजांपोटी ध्वनीच्या मार्गावर जे साठे निर्माण केले गेले, त्यांची ती बेरीज होय, असे येथे प्रतिपादन केले आहे. प्रत्येक साठ्याचा इतिहास समजला की कोणता विलंब घरी दूर करता येतो, कोणता कमी करता येतो आणि कोणता स्वीकारावाच लागतो, याचा उलगडा होतो. निबंधाच्या अखेरीस संगीतशिक्षणाच्या संदर्भात या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : विलंब, बफर, साउंड कार्ड, प्रवाही संगीत, लय, दूरस्थ संगीतशिक्षण

१. प्रास्ताविक

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. त्या काळच्या नभोवाणीत गायकाचा स्वर मायक्रोफोनमधून विद्युतरूपाने निघे, रेडिओलहरींवर स्वार होई आणि श्रोत्याच्या घरातील संचातून बाहेर पडे. या संपूर्ण मार्गात स्वर कोठेही थांबत नसे. प्रसारण केंद्रापासून ३० किलोमीटर अंतरावरील श्रोत्यापर्यंत लहर पोहोचण्यास सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरेसा होता. याउलट, सभागृहात व्यासपीठापासून १७ मीटरवर बसलेल्या रसिकाला तोच स्वर हवेतून येण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. म्हणजेच घरी बसलेला श्रोता प्रत्यक्ष सभागृहातील श्रोत्याच्याही आधी गाणे ऐकत असे.

आज तेच आकाशवाणीचे प्रसारण आंतरजालावरून ऐकल्यास ते काही सेकंद उशिरा कानी पडते. यंत्रे लक्षावधी पटींनी वेगवान झाली, तरी ध्वनी मात्र मागे पडला. हा विरोधाभास वरकरणी चमत्कारिक वाटतो. त्याचे उत्तर तंत्रज्ञानाच्या पुस्तकांइतकेच तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधावे लागते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) संगणकीय ध्वनीमार्गातील विलंबाचे प्रकार स्पष्ट करणे.
२) या विलंबास कारणीभूत ठरलेल्या साठ्यांचा कालक्रमानुसार मागोवा घेणे.
३) सदर इतिहासाच्या आधारे घरगुती श्रोत्यासाठी समस्यानिवारणाची सुसूत्र पद्धत सुचविणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. विलंबाची संकल्पना आणि प्रकार

संगणकात ध्वनी अंकरूपाने साठविला जातो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे प्रमाण घेतल्यास प्रत्येक सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात. हे नमुने स्पीकरकडे अखंड आणि समान अंतराने जावे लागतात. एकही नमुना वेळेवर आला नाही, तर कानाला खरखर किंवा तुटकपणा जाणवतो. परंतु नमुने पुरविणारा संगणक एकाच वेळी अनेक कामे करीत असतो आणि आंतरजालावरून येणारी माहिती तर सदैव अनियमित असते. या दोन वास्तवांचा मेळ घालण्यासाठी मार्गात साठा करावा लागतो. या साठ्यालाच 'बफर' म्हणतात.

आपल्याकडील पाणीपुरवठ्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून घरोघर टाकी असते. टाकीमुळे दिवसभर धार अखंड मिळते, परंतु आपण वापरतो ते पाणी सकाळी आलेले असते. टाकी जितकी मोठी तितकी खात्री अधिक आणि पाणी तितके शिळे. बफरचेही असेच आहे. २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा, १,०२४ नमुन्यांचा सुमारे २३ मिलिसेकंदांचा, तर ४,०९६ नमुन्यांचा सुमारे ९३ मिलिसेकंदांचा विलंब निर्माण करतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. हे लक्षात घेता शेवटचा विलंब म्हणजे स्पीकर सुमारे ३२ मीटर दूर नेऊन ठेवण्यासारखेच होय.

सर्वसामान्य बोलण्यात 'आवाज उशिरा येतो' या एकाच वाक्यात चार भिन्न तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, कळ दाबल्यापासून संगीत सुरू होईपर्यंतचा प्रारंभिक विलंब. दुसरी, संगीत चालू असताना सदैव सारखाच राहणारा स्थिर विलंब. चित्र व ध्वनी यांचा मेळ तुटतो तो यामुळे. तिसरी, तासागणिक वाढत जाणारा विलंब. आणि चौथी, ध्वनी मध्येच थांबणे किंवा तुटणे. हे चारही प्रकार वेगवेगळ्या काळी जन्मास आले असून त्यांचे उपायही भिन्न आहेत. किंबहुना एकावरील उपाय दुसऱ्यास अपायकारक ठरतो. बफर वाढविल्यास चौथी तक्रार मिटते, परंतु पहिली व दुसरी वाढते.

३. आरंभीचा कालखंड (१९५७ ते १९८०)

संगणकाद्वारे संगीतनिर्मितीचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये घातला. त्यांच्या 'म्युझिक' या कार्यक्रमाच्या साहाय्याने न्यूमन गटमन यांची सुमारे १७ सेकंदांची रचना आयबीएम ७०४ या संगणकावर सिद्ध झाली. संगणक प्रथम सर्व नमुन्यांची गणना करी, ते चुंबकीय फितीवर उतरवी आणि नंतर ती फीत दुसऱ्या यंत्रावर वाजविली जाई. गणनेस लागणारा वेळ रचनेच्या लांबीहून कितीतरी अधिक होता. आजच्या भाषेत सांगायचे तर संपूर्ण रचना हाच बफर होता. ध्वनी तात्काळ उमटावा अशी अपेक्षाच त्या काळी नसल्याने विलंब ही समस्या म्हणून पुढे आली नाही.

ती समस्या म्हणून प्रथम उभी राहिली ती संभाषणाच्या निमित्ताने. १९७४ मध्ये आंतरजालाचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून मानवी आवाज पाठविण्याचे प्रयोग झाले. दक्षिण कॅलिफोर्नियातील माहितीविज्ञान संस्था व मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांचा त्यात सहभाग होता आणि डॅनी कोहेन हे या कार्यातील प्रमुख संशोधक होते. आवाजाचे लहान तुकडे म्हणजेच पॅकेट जाळ्यातून पाठविल्यावर ते समान अंतराने पोहोचत नाहीत, ही अडचण येथे ठळकपणे समोर आली. त्यावर दोन तत्त्वे स्थिर झाली. पहिले, आलेले तुकडे थोडा वेळ रोखून धरावेत आणि मग समान गतीने सोडावेत. दुसरे, जो तुकडा फार उशिरा येतो त्याची वाट पाहण्यापेक्षा तो सोडून द्यावा.

दुसरे तत्त्व त्या काळच्या संगणकीय विचारसरणीस छेद देणारे होते. लिखित मजकुरात एक अक्षर हरवणे अक्षम्य असते, मात्र उशीर चालतो. आवाजात एखादा कण हरवला तरी चालतो, उशीर मात्र चालत नाही. या भेदाची दखल घेऊन १९७८ च्या सुमारास जाळ्याच्या मूळ संकेतप्रणालीचे दोन थर वेगळे करण्यात आले आणि १९८० मध्ये 'यूडीपी' हा हरवलेला तुकडा पुन्हा न मागणारा संकेत प्रसिद्ध झाला. अखंडता की तात्कालिकता, हा पेच तेव्हापासून जाळ्याच्या रचनेतच कोरला गेला आहे.

४. साउंड कार्ड आणि कार्यप्रणाली (१९८९ ते २०२१)

घरगुती संगणकाला खऱ्या अर्थाने वाचा फुटली ती साउंड कार्डमुळे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड बाजारात आणले. या प्रकारच्या कार्डांत स्मृतीचे दोन भाग करण्याची पद्धत रूढ झाली. कार्ड एका भागातील नमुने वाजवीत असता प्रोसेसर दुसरा भाग भरून ठेवी. या युक्तीमुळे प्रोसेसरला इतर कामांसाठी उसंत मिळाली, पण एक साठा कायमचा मार्गात आला.

पुढे एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालविणाऱ्या कार्यप्रणाली आल्या. गाणे वाजत असतानाच पत्र आल्याची घंटीही वाजली पाहिजे, ही गरज निर्माण झाली. त्यासाठी सर्व कार्यक्रमांचे ध्वनी एकत्र मिसळणारा घटक आवश्यक ठरला. विंडोज ९८ मध्ये असा मिश्रक कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसविण्यात आला आणि त्यामुळे सुमारे ३० मिलिसेकंदांची भर पडली. केवळ गाणे ऐकणाऱ्याला ही भर जाणवण्याजोगी नव्हती. परंतु संगणकाला जोडलेला कीबोर्ड वाजविणाऱ्या वादकाची बोटे व स्वर यांत त्यामुळे अंतर पडू लागले. वादकांची अशी अडचण दूर करणारा 'असिओ' हा मार्ग जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने त्याआधीच, १९९७ मध्ये उपलब्ध करून दिला होता. तो मिश्रकाला बगल देऊन थेट कार्डापर्यंत जात असे. येथे श्रोता आणि वादक यांच्या गरजांची फारकत प्रथमच स्पष्ट झाली. श्रोत्याला मोठी टाकी हवी असते, तर वादकाला थेट नळ.

यानंतरचा इतिहास ही फारकत मिटविण्याच्या प्रयत्नांचा आहे. ॲपलने २००१ मध्ये मॅक ओएस टेन या कार्यप्रणालीत 'कोअर ऑडिओ' आणले. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात ध्वनीव्यवस्थेची पुनर्रचना केली आणि जुना मिश्रक बाजूला सारून सुमारे १० मिलिसेकंदांच्या आवर्तनावर चालणारी यंत्रणा स्वीकारली. लिनक्समध्ये डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून 'अल्सा' ही व्यवस्था गाभ्याचा भाग झाली. तिच्यावर श्रोत्यांसाठी 'पल्सऑडिओ' आणि वादकांसाठी 'जॅक' असे दोन स्वतंत्र थर विकसित झाले. २००७-०८ मध्ये फेडोरा व उबुंटू यांनी पल्सऑडिओ स्वीकारल्यानंतर अनेकांना तुटक ध्वनीचा त्रास झाला. कार्डांच्या ड्रायव्हरमधील सुप्त उणिवा नव्या थरामुळे उघड्या पडल्या, हे त्याचे एक कारण होते. एप्रिल २०२१ मधील फेडोरा ३४ मध्ये 'पाइपवायर' आले आणि श्रोता व वादक यांचे दोन मार्ग पुन्हा एका व्यवस्थेखाली आणण्यात आले. म्हणजेच एकदा झालेली फारकत मिटविण्यास सुमारे दोन दशके लागली.

५. जालावरून येणारे संगीत (१९९२ ते २०१९)

सीडीच्या दर्जाचा ध्वनी पाठविण्यास प्रतिसेकंद सुमारे १,४११ किलोबिट लागतात. १९९५ च्या सुमारास घरगुती मोडेमची गती १४.४ किलोबिट होती, म्हणजे गरजेच्या सुमारे अठ्ठ्याण्णवाव्या हिश्शाइतकी. ध्वनी संकुचित केल्याशिवाय हा मार्ग खुला होणे शक्य नव्हते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या प्रमुख सहभागातून विकसित झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीस पुढे 'एमपी३' हे नाव मिळाले. या पद्धतीत ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो. एक चौकट म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. चौकट पूर्ण झाल्याखेरीज ती बांधता येत नसल्याने संकोचनासाठीही विलंबाची किंमत मोजावी लागते.

सिएटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने एप्रिल १९९५ मध्ये 'रिअलऑडिओ' सादर केले. संपूर्ण फाइल उतरवून घेण्याची वाट न पाहता काही सेकंदांचा साठा होताच वादन सुरू करावे, ही त्यामागील कल्पना होती. साठा संपला की वादन थांबे आणि पडद्यावर 'बफरिंग' हा शब्द दिसे. अभियंत्यांच्या परिभाषेतील हा शब्द याच काळात सामान्य माणसाच्या तोंडी रुळला. योगायोग असा की भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी आंतरजालसेवा सुरू केली ती याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान गती २५६ किलोबिट निश्चित झाली. १२८ किलोबिटच्या एमपी३ संगीतास निम्मी वाहिनी पुरेशी असल्याने आपल्याकडील घरांत प्रवाही संगीत व्यवहार्य होण्यास येथून आधार मिळाला.

पुढे एक वेगळाच बदल घडून आला. ॲपलने २००९ मध्ये 'एचएलएस' ही पद्धत आणली. तीत ध्वनी वा चित्र काही सेकंदांच्या स्वतंत्र तुकड्यांत कापून साध्या फाइलींप्रमाणे पाठविले जाते. प्रारंभी तुकडा १० सेकंदांचा ठेवण्याची शिफारस होती, ती पुढे ६ सेकंदांवर आली. वादनापूर्वी साधारण तीन तुकडे हाताशी असावेत, असा संकेत आहे. त्यामुळे थेट प्रसारण मूळ घटनेच्या १८ ते ३० सेकंद मागे राहणे स्वाभाविक ठरते. हा विलंब कमी करणारी सुधारित पद्धत ॲपलने २०१९ मध्ये जाहीर केली. बीबीसीने ५ फेब्रुवारी १९२४ पासून नभोवाणीवर वेळ दर्शविणारे सहा ठोके प्रसारित करण्यास आरंभ केला. ते ठोके आज आंतरजालावरून ऐकून घड्याळ लावल्यास घड्याळ चुकते, यावरून या बदलाची कल्पना यावी.

मात्र साठविलेल्या संगीताची गोष्ट निराळी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या 'स्पॉटिफाय' या सेवेने प्रारंभिक विलंब कमी करण्यावर भर दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनपर लेखात या सेवेतील कळ ते ध्वनी यांमधील मध्यक विलंब २६५ मिलिसेकंद असल्याचे नमूद आहे. पुढील गाणे आधीच मागवून ठेवणे आणि एकदा ऐकलेले गाणे संगणकातच जतन करणे, या उपायांचा त्यात वाटा होता. याचा अर्थ असा की साठा काढून टाकून नव्हे, तर तो श्रोत्याच्या नकळत आधीच भरून ठेवून विलंब लपविता येतो. थेट प्रसारणात ही सोय नाही, कारण जे अद्याप घडलेलेच नाही ते आधी साठविता येत नाही.

६. घरातील राउटर : अतिरिक्त साठ्याचे दुखणे (२०१० ते २०१८)

वाहिनी रुंद झाली की विलंब आपोआप जाईल, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. या समजास धक्का दिला तो जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याने. २०१० मध्ये घरून मोठी फाइल पाठवीत असता जाळ्याचा प्रतिसाद एका सेकंदाहूनही अधिक मंदावल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. कारण शोधता असे आढळले की स्मृती स्वस्त झाल्याने मोडेम व राउटरमध्ये अवाजवी मोठे बफर बसविले गेले होते. माहिती पाठविणारा संकेत पॅकेट हरवले तरच आपली गती आवरतो. पण मोठा बफर पॅकेट हरवू देत नाही, फक्त रांग वाढवीत राहतो. या दोषास 'बफरब्लोट' असे नाव पडले.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांगेच्या लांबीऐवजी पॅकेट रांगेत किती वेळ थांबले यावर नियंत्रण ठेवणारी 'कोडेल' ही रीत मांडली. तिच्यावर आधारलेली, प्रत्येक प्रवाहास स्वतंत्र रांग देणारी पद्धत जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. घरातील एक व्यक्ती छायाचित्रे जालावर चढवीत असताना दुसऱ्याचे गाणे अडखळते, या नित्य अनुभवामागे पुष्कळदा हेच कारण असते. अधिक गतीची जोडणी विकत घेऊनही ते दूर होईलच असे नाही. राउटरमधील रांगव्यवस्था बदलल्यास मात्र फरक पडतो.

७. बिनतारी स्पीकर आणि दोन घड्याळांचा प्रश्न

संगणक व स्पीकर यांमधील तार गेली आणि मार्गात आणखी एक टाकी आली. ब्लूटूथवरून संगीत पाठविताना ध्वनी पुन्हा संकुचित करावा लागतो आणि लहरींतील अडथळे गृहीत धरून साठाही ठेवावा लागतो. त्यामुळे १०० ते २०० मिलिसेकंदांचा विलंब सामान्यतः आढळतो. ॲपलने २००४ मध्ये आणलेल्या 'एअरट्यून्स' पद्धतीत तर सुमारे २ सेकंदांचा साठा असे. अनेक खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी वाजविण्यासाठी तो उपयुक्त होता, चित्रपट पाहण्यासाठी मात्र गैरसोयीचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ध्वनी चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेल्यास प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते.

वाढत्या विलंबाचे कारण याहून सूक्ष्म आहे. नमुने पाठविणारे व वाजविणारे अशी दोन्ही उपकरणे आपापल्या स्फटिक-घड्याळावर चालतात आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. त्यांच्यात दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. पाठविणारे घड्याळ जलद असल्यास टाकी भरत जाते व विलंब वाढतो. ते मंद असल्यास टाकी रिती होते व ध्वनी तुटतो. चांगल्या यंत्रणेत नमुन्यांची गती किंचित बदलून ही तफावत सतत भरून काढली जाते. जेथे ही सोय नसते, तेथे वादन थांबवून पुन्हा सुरू केले की तक्रार काही काळ नाहीशी होते. वाढत्या विलंबाची हीच खूण होय.

८. समस्यानिवारणाची पद्धत

उपरोक्त इतिहासावरून समस्यानिवारणाचा क्रम निश्चित करता येतो. सर्वप्रथम तक्रार चारपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरवावे. त्यानंतर शक्य तेथे मापन करावे. ध्वनी व चित्र यांतील अंतर मोजण्यासाठी टाळी वाजविल्याचे दृश्य पडद्यावर लावून त्याचे मोबाइलने चित्रण करावे. सेकंदास ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंदांचे असल्याने अंतर मोजता येते. अधिक अचूकतेसाठी संगणकाचा ध्वनी तारेने त्याच्याच ध्वनिग्रहणाच्या खोबणीत देऊन मुद्रण करावे आणि मूळ व मुद्रित ठोक्यांमधील नमुने मोजावेत. सीडीच्या प्रमाणानुसार ४४१ नमुने म्हणजे १० मिलिसेकंद.

मापनानंतर मार्गाचे विभाजन करावे. संगणकातच साठविलेले गाणे तारेच्या इअरफोनवर ऐकावे. तक्रार कायम राहिल्यास दोष कार्यप्रणाली वा ड्रायव्हरच्या थरात आहे. तेथे ध्वनीवरील अनावश्यक प्रक्रिया बंद करणे, ड्रायव्हर अद्ययावत करणे आणि बफर टप्प्याटप्प्याने बदलून पाहणे हे उपाय योजावेत. तक्रार नाहीशी झाल्यास बिनतारी स्पीकर आणि जाळे यांची स्वतंत्रपणे परीक्षा करावी. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. ध्वनी तुटत असल्यास बफर वाढवावा. स्थिर विलंब खटकत असल्यास तो कमी करावा किंवा चित्रच तेवढे मागे ढकलावे. अनेक वादक-कार्यक्रमांत ही सोय असते. थेट प्रसारण अर्धा मिनिट मागे असेल, तर घरातील साधनांत दोष शोधण्यात वेळ घालवू नये. तो विलंब प्रसारणाच्या रचनेतच आहे.

९. लय, विलंब आणि संगीतशिक्षण

येथवरचा विचार प्रामुख्याने श्रोत्याच्या दृष्टीने झाला. परंतु मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील अनेक संगीतवर्ग संगणकाच्या पडद्यावर आले आणि विलंबाचा प्रश्न सोयीचा न राहता विद्येचा झाला. आपल्या संगीतात 'विलंबित' ही एक प्रतिष्ठित लय आहे. पण तेथील संथपणा कलावंताने निवडलेला असतो, यंत्रातील विलंब लादलेला असतो. मध्यलयीत मिनिटास १२० मात्रा धरल्यास एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. १०० मिलिसेकंदांचा विलंब तेथे मात्रेचा पाचवा हिस्सा व्यापतो. द्रुतलयीत मिनिटास ३०० मात्रा असल्यास तोच विलंब अर्ध्या मात्रेइतका होतो. एका टोकाने ठेका धरला आणि दुसऱ्याने त्यावर गायिले, तर गाणाऱ्याची सम ठेका धरणाऱ्याला जाऊन-येऊन दुप्पट विलंबाने ऐकू येते. परस्परांची वाट पाहत दोघेही मंदावत जातात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस चाफे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाळ्यांच्या साहाय्याने हेच पडताळून पाहिले. एकमेकांचा आवाज सुमारे ११.५ मिलिसेकंद उशिरा पोहोचत असता लय स्थिर राहते, त्याहून अधिक विलंबात ती मंदावते आणि कमी विलंबात उलट चढत जाते, असे त्यांना आढळले. व्यासपीठावर दोन वादकांमध्ये असणारे तीन-चार मीटर अंतर हवेतून पार करण्यास ध्वनीला साधारण इतकाच वेळ लागतो, ही बाब लक्षणीय आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई व न्यूयॉर्क यांमधील सुमारे १२,५०० किलोमीटरचे अंतर सरळ रेषेत धरले तरी एका दिशेने किमान ६२ मिलिसेकंद लागतात. म्हणून परदेशस्थ मराठी शिष्याला मुंबईतील गुरूने थेट ठेक्याची साथ देणे कोणत्याही सुधारणेने साध्य होणारे नाही. ही मर्यादा निसर्गाची आहे.

तथापि एक मार्ग खुला राहतो. तानपुरा व तालयंत्र शिष्याच्याच बाजूला चालू ठेवले, तर त्याचा स्वर आणि ठेका दोन्ही सारख्याच विलंबाने गुरूपर्यंत पोहोचतात. त्यांमधील परस्परसंबंध अबाधित राहतो आणि गुरूला शिष्याची सम नेमकी कोठे चुकली हे कळू शकते. विलंब जसाच्या तसा राहतो, पण शिक्षण अडत नाही. अर्थात गुरूने सोबत गाऊन शिष्याला सावरून घेणे या मार्गाने साधत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१०. निष्कर्ष

१) संगणकीय ध्वनीतील विलंब हा मुख्यत्वे साठ्यांमुळे निर्माण होतो आणि प्रत्येक साठा त्या त्या काळी खऱ्या गरजेतून आला आहे.
२) जुने साठे क्वचितच पूर्णपणे काढले गेले. बहुधा नवा थर जुन्यावर चढत गेला. त्यामुळे विलंबाचे निदान थराथराने करणे अपरिहार्य ठरते.
३) अखंडता व तात्कालिकता यांतील निवड श्रोता, प्रेक्षक आणि वादक यांच्यासाठी वेगवेगळी असते. एकच मांडणी तिघांना योग्य ठरत नाही.
४) राउटर, ड्रायव्हर व बिनतारी स्पीकर यांतील विलंब घरी कमी करता येतो. थेट प्रसारणाचा विलंब स्वीकारावा लागतो. अंतराचा विलंब तर कोणासही टाळता येत नाही.
५) दूरस्थ संगीतशिक्षणात विलंब शून्यावर आणण्याच्या प्रयत्नापेक्षा ताल कोणत्या बाजूस ठेवावा याचा विचार अधिक फलदायी आहे.

१९२७ च्या श्रोत्याला स्वर तत्काळ मिळत होता, मात्र तो काय ऐकणार हे केंद्र ठरवीत असे. आजच्या श्रोत्याला हवे ते, हवे तेव्हा ऐकता येते आणि त्यासाठी तो काही मिलिसेकंद वा सेकंद मोजतो. हा व्यवहार समजून घेतला, तर श्रोत्याचा वैताग कमी होईल. संगीतशिक्षकाच्या हाती मात्र शिष्याची लय राखण्याचे एक साधन येईल.